पायापुढे चुंबळ अंथरणाऱ्या दादांस

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि ते मनाला लागून राहिलं आहे. तुमच्या हमालीच्या बिल्ल्यावरचा नंबर हिने पाहून ठेवला होता, पण तो इथे लिहीत नाही. तुम्हाला न विचारता तुमची ओळख चारचौघांत मांडणं बरं नव्हे. खूण म्हणून एवढं सांगतो : शिमग्याचे दिवस, दादरला सकाळची मांडवी एक्सप्रेस, पश्चिमेकडून पूल चढून आलेलं म्हातारं जोडपं, एक निळी बॅग आणि एक खाऊची पिशवी. म्हातारा जिना नीट चढला आणि वर सपाटीला आल्यावर खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. तो म्हातारा मी.

मला पार्किन्सन आहे, सात वर्षं झाली. आमच्याकडे जुनी माणसं कंपवात म्हणतात. नाव ऐकलं की लोक माझ्या हाताकडे बघतात, तो थरथरतो का म्हणून. हाताचं मला काही वाटत नाही. चहा अर्धा कप घ्यायचा, भागतं. पण पाय अडतो तेव्हा जीव अर्धा होतो. चालता चालता पाऊल जमिनीला चिकटतं. ताकद असते, दुखत काही नसतं, पुढे जायचं मनात असतं, आणि पाऊल उचलत नाही. दार आलं, वळायचं झालं, चिंचोळी जागा आली, मागून कोणी घाई केली की हटकून होतं. गोळीचा असर उतरत आला असेल तर जास्तच. त्या दिवशी सहाची गोळी मी वेळेवर घेतली होती. तरी पुलावरची ती गर्दी बघून पाय अडलेच.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. त्यातली बरीच डबल डेकरवर गेली. बस धावत असताना, एका हातात तिकिटांची पेटी धरून, दिवसातून शंभर वेळा तो वळणाचा जिना चढलो-उतरलो आहे. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डिझेलची डबल डेकर शेवटची धावली, तेव्हा अंधेरीला जाऊन तिला हात लावून आलो होतो. त्या माणसाला आज सपाट फरशीवर चालता येत नाही, हे लोकांना पटत नाही. मलाही पटायला वेळ लागला.

गेल्या वर्षीचं सांगतो, म्हणजे तुमच्यामुळे काय झालं ते तुम्हाला कळेल. आमच्या घरी शिमगा म्हणजे सगळं. चिपळूणजवळ आमचं गाव. पालखी घरी येते त्या दिवशी आम्ही पाचही भावंडं जमतो. गणपती ज्याच्या त्याच्या घरी होतात, पण पालखीला मूळ घरातच यायचं, हा वडिलांचा नियम. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी परळहून रात्रीची एस्टी पकडून, दोन माणसांच्या जागेत तिघं बसून जायचो, पण चुकवलं नाही. गेल्या वर्षी चुकलं. दुसऱ्या एका स्टेशनात, गाडीच्या दारापासून दहा पावलांवर, मी अडलो. मागून ढकलाढकल सुरू झाली. एक जण म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकून आलाय." मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. हिने गणवेशातल्या एका माणसाला हात जोडून मदत मागितली. तो म्हणाला, "एवढं आहे तर घरी बसायचं ना, मावशी." दोन तरुण मुलांनी माझे दोन्ही दंड धरून पुढे ओढलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण अडलेल्या माणसाला ओढलं की वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच राहतात. मी गुडघ्यांवर पडलो. गाडी गेली. आम्ही टॅक्सीने घरी आलो आणि पालखी मोबाईलवर पाहिली. थोरल्या भावाचं वय ब्याऐंशी आहे. तो फोनवर काही बोलला नाही, नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने मी वर्षभर नीट झोपलो नाही.

म्हणून यंदा निघताना माझ्या पोटात गोळा होता. तुम्ही खाली बॅग उचललीत, पैसे ठरवलेत, आणि पुढे न पळता आमच्याच चालीने चढलात. हिने हे पहिल्यांदा टिपलं. वर येऊन मी अडलो. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलंय की मनात ताल धरायचा. माझा ताल म्हणजे डबल बेल. टण टण, सुटा. घरी कधी कधी त्यावर पाऊल सुटतं. त्या गर्दीत मनातली बेल मलाच ऐकू येईना. ही घाबरी झाली. मला वाटलं, झालं, यंदाही मोबाईलवरच पालखी.

तुम्ही बॅग खाली ठेवलीत. मला हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलंत. आणि म्हणालात, "बाबा, जिना तर झ्याक चढलात. सपाटीलाच का थांबताय? पायाला पायरी पायजे व्हय?"

दादा, सात वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही डोक्यावरची चुंबळ काढलीत. तिचा पीळ सोडलात, तो लाल पंचा झटकलात, लांब घडी केलीत आणि माझ्या पावलापुढे आडवा टाकलात. "ही पायरी धरा. हिच्यावरनं या." मी बघितलं आणि पाऊल उचललं गेलं. ओलांडून गेलो. चार पावलं नीट पडली, पाचव्याला परत अडलो. तुम्ही मागून पंचा उचललात, पुढे येऊन परत टाकलात. असं पूल संपेपर्यंत. येणाऱ्या माणसांना तुम्ही दुसऱ्या हाताने बाजूने जायला सांगत होतात, तेही न ओरडता, "जरा कडेनं, बाबा येत्यात." तेवढं तीन वेळा ऐकलं मी. जणू काही मी कोणी मोठा माणूस चाललो होतो.

ज्या कापडावर तुम्ही रोज लोकांचा भार पेलता, ज्याने घाम पुसता, जे डोक्यावर असतं, ते तुम्ही दादरच्या पुलावर, चपला-बुटांच्या वाटेत, माझ्या पायाशी अंथरलंत. एकदा नव्हे, सात-आठ वेळा. मी म्हटलं, "अहो, डोक्याचं कापड आहे ते." तुम्ही म्हणालात, "धुतलं की झालं." मी तुमच्याकडे बघू शकलो नाही, कारण नजर पंच्यावरून हलली असती तर पाय अडले असते. आणि डोळे भरले होते. तुमच्या लक्षात आलं असेल तर आलं असेल.

डिसेंबर २०२३ ला दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, ते अजून माझ्या डोक्यात बसत नाहीत. तुम्ही नीट जागी आणून सोडलंत, डब्याच्या दाराशी पुन्हा एकदा पंचा टाकलात, आणि पैसे ठरले तेवढेच घेतलेत. हिने वर पन्नास दिले ते परत केलेत. पण बॅगेची हमाली मात्र घेतलीत, आणि ते मला फार बरं वाटलं. आमच्यावर तुम्ही दया केली नव्हती.

घरी आल्यावर नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, हा उपाय डॉक्टरसुद्धा करून घेतात. जमिनीवर पट्ट्या मारतात, काही काठ्यांना तर उजेडाची लाल रेघ असते. चालणं मेंदूच्या ज्या भागातून आपोआप होतं तिथे आमचं बिनसलेलं असतं. पण समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. म्हणून जिन्यावर मी अडत नाही. तिने आणखी एक सांगितलं. या आजारावर १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी पहिला मोठा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे, आणि त्यातली काही त्यांनी दवाखान्यात तपासलेली नव्हती, नुसती रस्त्यात चालताना पाहिली होती. हे ऐकल्यावर मला तुम्हीच आठवलात. तुम्हाला हा निबंध ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही बघितलंत एवढंच. या शहरात रोज लाखो पाय आपल्यासमोरून जातात, आणि त्यातला एक पाय अडलेला दिसायला डोळ्यांत थोडी माया असावी लागते.

आम्हा कंडक्टर लोकांनाही पाय बघायची सवय लावलेली असते. म्हातारी माणसं चढताना दुसरा पाय फूटबोर्डवर आलेला दिसला की मगच डबल बेल. मी ते पाळलं. तरी एकतीस वर्षांत, गाडी लेट असताना, कधीतरी बेल लवकर मारली गेली असणार. त्या माणसांची आता आठवण येते. त्यांना कोण भेटलं असेल, तुमच्यासारखं कोणी की मला गेल्या वर्षी भेटले तसे, कोण जाणे.

गावचं सांगायला पाहिजे. घराचा उंबरा उंच आहे, तो मी सहज ओलांडला. थोरल्याने ओटीवरून बघितलं आणि म्हणाला, "आलास? बरं झालं." या खेपेच्या "बरं"मध्ये काय होतं ते तुम्हाला कसं सांगू. संध्याकाळी ढोल जवळ आला, पालखी अंगणात आली, सगळे पुढे धावले, आणि त्या घाईत सारवलेल्या अंगणात मी अडलो. ही ओरडली, "पंचा टाका, पंचा!" कोणाला काही कळेना. मग भावानेच, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वाकून माझ्या पायापुढे टाकला. मी तो ओलांडला आणि पालखीला खांदा लावला. दोनच पावलं, नाचवायला नाही, नुसता खांदा. आमची दोन नंबरची बहीण रडत होती. मी तिला म्हटलं, दादरला एक माणूस भेटला, त्याने शिकवलं.

परत आल्यावर दोनदा दादरला येऊन गेलो. तुमच्या सोबत्यांनी सांगितलं की तुम्ही गावच्या जत्रेला गेला आहात, कधी याल ते नक्की नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या घरातलं कोणी वाचत असेल तर तुम्हाला वाचून दाखवेल.

देवीच्या ओटीतला एक नारळ मी तुमच्या नावाने काढून ठेवला आहे. हिने एक नवा लाल पंचाही आणला आहे, सुती, चांगला लांब. मी दर गुरुवारी सकाळी साडेसहाला त्याच जिन्याखाली येऊन थांबतो. जत्रेहून आलात की भेटा.

तुमचा,
त्या दिवशीचा बाबा
प्रभादेवी, मुंबई