अंगठ्याची शाई : मध्यस्थ मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुरीची डाळ परत आली. पाच किलोच होती, घरच्या तुरीची, आईनं जात्यावर भरडलेली. ज्या पोराबरोबर पाठवली त्याला तुम्ही चहा पाजलात आणि पिशवी तशीच त्याच्या गाडीला अडकवून दिलीत. "यातलं काही घेता येत नाही, आईंना म्हणावं राग मानू नका." आईनं मानला. दोन दिवस नीट बोलली नाही, माझ्याशीसुद्धा, जशी काही डाळ मीच नाकारली. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिलं की गाडीला अडकवून परत पाठवता येत नाही.

आम्हा भावांचा वावराचा दावा कोर्टानं मिटवायला तुमच्याकडे पाठवला, तुम्ही त्यातल्या मध्यस्थ. तुमचं नाव लिहीत नाही. गावाचं आणि तालुक्याचंही नाही, यवतमाळ जिल्हा एवढं पुरे. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होता, या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील. जज साहेबांनासुद्धा फक्त एवढंच कळवायचं, जमलं की नाही जमलं. तेव्हा कोण काय बोललं ते मी इथं काढणार नाही. माझं मी लिहीन. आणि शाईचं लिहीन, ते सह्यांच्या वेळचं आहे.

वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल. आमचं सात एकर वावर. बाबा 2013 साली गेले. आम्ही दोघंच भाऊ. दादाकडे पांदणीकडची बाजू आणि विहीर, माझ्याकडे मागची. माझी बंडी त्याच्या धुऱ्यानं जायची. 2018 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, त्यानं त्या वाटेवर बोराटीच्या काट्या टाकल्या. कारण सांगायचं तर दोन जावांची, दोन भावांची आणि वखराच्या एका हरवलेल्या पासेची, म्हणजे लोखंडी पात्याची, गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी सांगितली तर एक निघेल, दादानं सांगितली तर दुसरी. मी वाटपाचा दावा लावला. वादी मी. प्रतिवादी क्रमांक 1 दादा, क्रमांक 2 पुतण्या, क्रमांक 3 आई.

आई कशी प्रतिवादी, असं मी वकिलांना विचारलं होतं. म्हणाले, वारस आहे, नाव घालावंच लागतं, नुसती फॉर्मॅलिटी. बेलीफ समन्स घेऊन आला. आईनं अंगठा दिला आणि तो कागद श्रावणबाळ योजनेच्या पासबुकात घालून ट्रंकेत ठेवला. तिला वाटलं, पगाराचा कागद आहे. पोटच्या पोरानं आपल्यावर दावा लावलाय, हे तिला सात वर्षांत कोणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही.

आता ज्यांनी आधी 'मदत' केली त्यांचे आभार राहू नयेत म्हणून त्यांचेही मानतो.

आमच्या वेशीवर तंटामुक्त गावाचा बोर्ड आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांत आमच्या गावानं तो बोर्ड लावला. माझ्या वाटेवरच्या काट्या त्या बोर्डापासून दोनशे पावलांवर. समितीचे अध्यक्ष आले, दादाच्या ओसरीवर बसले, चहा घेतला, "पाहू" म्हणाले आणि गेले. पाहतच असतील अजून. तहसिलीतून मोका पाहायला साहेब आले तर पांदणीत चिखल होता. साहेबांनी जीपच्या काचेतून मोका पाहिला. माझे वकील म्हणायचे, आपली केस शंभर टक्के पक्की. नंतर कळलं, दादाच्या वकिलांनी त्यालाही शंभर टक्केच सांगितले होते. सात एकरांत दोनशे टक्के पिकवणारे ते दोघं.

लोकअदालतीत आमची फाइल दोनदा लागली. तिची चूक म्हणणार नाही, एका टेबलापुढं सकाळपासून माणसांची रांग, बँकेचे, विजेच्या बिलाचे, चेक न वटल्याचे मामले. आमचा नंबर आला की विचारायचे, "जमतं का?" आम्ही दोघं दोन दिशांना पाहायचो. "बरं, पुढचं." कर्जाच्या आकड्यावर मिनिटभरात बोलणं होतं. वखराच्या पासेवर होत नाही.

तारखा मी डायरीत लिहून ठेवल्या आहेत, 58. एक तारीख म्हणजे एसटीचं जाणं-येणं, एका मजुराची मजुरी बुडीत, आणि पुकारा व्हायच्या आधी कँटीनमधले दोन चहा, एक माझा, एक वकिलांच्या कारकुनाचा. आईला प्रत्येक वेळी न्यावं लागत नव्हतं, पण दादा न्यायचा, कधी मी न्यायचो, 'आई आपल्याकडून आहे' हे दिसावं म्हणून. ती बाहेर निंबाखाली बसून राहायची. गुडघ्यांमुळे आमच्या कोर्टाच्या पायऱ्या तिला जमत नाहीत. एकदा म्हणाली, "शहाण्यानं चढू नये म्हनतेत, मले तं चढताच येत नाही."

मॅडम, तुमच्यापाशी आम्ही आलो ते 2025 च्या ऑगस्टमध्ये. देशभर ती मध्यस्थीची नव्वद दिवसांची मोहीम चालली होती ना, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, त्यात जज साहेबांनी आमची फाइल काढली. मी चिडलो होतो. वाटलं, पुन्हा 'जमतं का' विचारणार. नंतर वाचलं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89, म्हणजे कोर्टानंच दावा मध्यस्थीकडे पाठवायची सोय, 1 जुलै 2002 पासून लागू आहे. मी दावा लावला तेव्हा ते कलम सोळा वर्षांचं होतं, दहावीला बसलं असतं. तरी सात वर्षांत त्याचं नाव एकानंही काढलं नाही, ना माझ्या बाजूच्या, ना दादाच्या.

खोली म्हणजे जुन्या रेकॉर्डची जागा. तळमजल्यावर होती, तेवढं बरं. एक गोल टेबल, खटखटणारा पंखा, माठ. तुम्ही फाइल उघडायच्या आधी विचारलंत, "तिसऱ्या प्रतिवादी कुठे आहेत?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "बाहेर, निंबाखाली." सात वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढं. तुम्ही उठलात आणि स्वतः जाऊन तिला घेऊन आलात.

पहिल्या बैठकीत तुम्ही आणखी एक सांगितलं होतं, ते इथं मुद्दाम लिहितो. इथं कोणावर जबरदस्ती नाही, कधीही उठून जाता येतं, कोर्ट कुठं पळून जात नाही. हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे 'मिटवून घे' हा शब्द बहुधा कमजोर माणसालाच ऐकवतात. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरींना 'मिटवून घे' म्हणून परत पाठवणारी गावं मी पाहिली आहेत. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं, म्हणजे गाव-शेजारातले तंटे मध्यस्थीनं मिटवायचं, प्रकरण आहे असं वाचलं तेव्हा पहिली आठवण आमच्या तंटामुक्ती समितीची झाली आणि थोडी भीतीच वाटली. मध्यस्थ कोण, यावर सगळं आहे.

तुम्ही आम्हाला वेगवेगळं बसवून बोललात. मला विचारलंत, "समजा तुम्ही जिंकलात. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात कुठून जाल?" मी म्हणालो, वाटेनं. "आणि वाटेत दादा उभे असले तर?" मला उत्तर आलं नाही. मग मी सांगून टाकलं की 2019 साली रात्री दादाचा पाइप मीच कुऱ्हाडीनं तोडला होता. कोर्टात नाही म्हणालो होतो. तुम्ही दचकला नाहीत. हे त्यांना मी सांगू का, एवढंच विचारलंत, आणि थोडं थांबून म्हणालात, की तुम्हीच सांगितलंत तर जास्त बरं. मी सांगितलं. दादा म्हणाला, "मले माहीत होतं. पाइपाजवळ तुही चप्पल सापडली होती." चप्पल त्यानं सहा वर्षं कोर्टात दाखवली नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

आई तुमच्याजवळ एकटी पंचवीस मिनिटं होती. बाहेर आम्ही दोघं एकाच बाकावर, मधे पाण्याची बाटली. ती काय बोलली ते आजही आम्हाला माहीत नाही. खूप विचारून झालं. म्हणते, "त्या बाईनं कोनाले सांगनार नाही म्हनलं, मंग मी कायले सांगू?" कायद्यातली गोपनीयता आमच्या घरात कोणाला कळली असेल तर ती अंगठा देणाऱ्या बाईला.

तीन बैठका झाल्या. दहा फुटी वाट, विहिरीच्या पाळ्या, आईचा दीड एकर तिच्याच नावानं, कोणी कसायचा आणि तिला काय द्यायचं, असं सगळं ठरलं. त्याचा तपशील आमच्यापुरता. कोर्ट फी परत मिळते असं कारकुनानं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. कोर्टातून पैसे बाहेर येतात हे आमच्या गावात अजून कोणी खरं मानत नाही.

शाईचं राहिलं.

करारनामा तुम्ही आईला दोनदा वाचून दाखवलात, सावकाश, आपल्या बोलीत. 'प्रतिवादी क्रमांक 3' आलं की दर वेळी थांबून तिचं नाव घेतलंत. मग कारकुनानं पॅड सरकवलं आणि सवयीनं तिचा हात धरायला गेला. आजवर ज्यानं त्यानं तिचा अंगठा धरूनच दाबला आहे, बँकेत, रेशनच्या दुकानात, तहसिलीत. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, त्या देतील." तिनं दिला, तीन प्रतींवर. आणि हात डोक्याकडे नेला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या शाईचा अंगठा केसांत पुसतात. कचेरीत पुसायला दुसरं काय असतं? तुम्ही तो हात वरच्यावर धरलात. पर्समधून रुमाल काढलात, पांढरा, काठाला निळी फुलं. बाटलीतल्या पाण्यानं भिजवलात आणि तिचा अंगठा पुसलात. नखाच्या कडेची शाईसुद्धा. हे करताना तुम्ही पुतण्याला सही कुठं करायची ते सांगत होता. तुम्हाला हे आठवतही नसेल.

दादानं मान खाली घातली. मी पंख्याकडे पाहत बसलो. 58 तारखांत तिला निंबाखाली बसवून ठेवणारे आम्ही दोघं, 'आई माझ्याकडून आहे' म्हणून भांडणारे, आणि तो अंगठा पुसावा असं आमच्यातल्या एकालाही कधी सुचलं नव्हतं.

मध्यस्थ व्हायला 40 तासांचं प्रशिक्षण असतं, हे तुम्हीच सांगितलंत. त्यात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही. पण ते प्रशिक्षण घेतलेली माणसं आमच्या तालुक्याला कायमची हवीत, एवढं मात्र वाटतं. तुम्ही जिल्ह्याहून यायचात, ठरलेल्या दिवशी, उसन्या खोलीत. मोहीम नव्वद दिवसांची, आमच्याकडची भांडणं मात्र तिसऱ्या पिढीत गेलेली. आणि आईशी तुम्ही तिच्या बोलीत बोललात म्हणून ती बोलली. उद्या झरी-जामणीकडची एखादी कोलाम म्हातारी, किंवा आमच्याच बंजारा तांड्यावरची एखादी याडी, म्हणजे आई, अशी निंबाखाली बसलेली असेल तर तिच्याशी कोण बोलणार? त्यांच्यातलीच शिकलेली पोरंपोरी या कामाला का घेऊ नयेत? साहेब लोकांना हे सांगायची माझी पोच नाही, तुमची असेल तर सांगा.

पोळ्याला बैल वाटेनंच आणले. दादाची जोडी पुढं, माझी मागं. फार बोलणं होत नाही अजून. खोटं कशाला सांगू, दोन्ही घरच्या बायका अजून एकमेकींकडे पाहत नाहीत, आणि ती पास काही सापडलेली नाही. पण आई पूर्वी एक वेळ इकडे, एक वेळ तिकडे जेवायची तेव्हा ताट झाकून न्यायची. आता उघडं नेते.

डाळीचा विषय तिनं सोडला आहे. आता दुसरा धरलाय. कापूस वेचता वेचता मधेच उभी राहून विचारते, "त्या बाईच्या रुमालाचा डाग निंघाला का रे? मीठ-निंबू लावा म्हना." मी काय सांगणार. तेवढं एक कळवा.

आपला,
वादी
(आता दावा नाही, पण तुम्ही या नावानं ओळखाल)