किप्पूरच्या आधी पोचावं म्हणून

ठाणे, शुक्रवार, 26 सप्टेंबर 2025

प्रिय शैला,

माझी शुगर आटोक्यात आहे, यांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे. दादाचा फोन आला होता. बाकी कुणाला सांगितलं तर "बरं झालं की" म्हणून मोकळे होतील, म्हणून तुलाच लिहितेय. सोमवारी भाचा अलिबागला येतोय, त्याच्या हाती पाठवते.

पहिला फोन आम्हा ज्यूंचा एलूल महिना लागला तेव्हा आला, दुसरा काल, रोश हशानाचे, आमच्या नव्या वर्षाचे, दोन्ही दिवस उलटल्यावर. बोलणं तेच. "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर गं." विकलेल्या वाडीचं नाव नाही, तिथल्या विहिरीचं नाव नाही, आईचं तर नाहीच. लगेच त्याच्या इस्रायलमधल्या बेरशेबाच्या उन्हाळ्यावर आला. पहिल्या वेळी मी "हो, हो, तूही कर" म्हणून गेले. काल तोंडातून शब्दच फुटेना. "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला.

यंदा तुमचा पितृपक्ष आणि आमचा एलूल एकाच अमावास्येला आटोपले. सोमवारी तुझ्याकडे घट बसले, त्याच संध्याकाळी आमचं नवं वर्ष, 5786, लागलं. दसराही बघ, नेमका किप्पूरच्या दिवशी. तू आपट्याची पानं वाटत असशील आणि मी दारं लावून, पांढरी साडी नेसून, उपाशी. आईच्या भाषेत दरफाळणीचा, दारं लावायचा सण! सोनं दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला आण, आणि आदल्या दसऱ्याची थकबाकीही.

किप्पूरचा कायदा तुला आईनेच सांगितला होता, पडवीत, सुपारी कातरताना. देवाशी जे चुकलं ते त्या दिवशी फिटतं. माणसाशी चुकलं ते त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही, मग पंचवीस तास उपास कर नाहीतर पन्नास. तुला तेव्हा ते फार आवडलं होतं, कारण मी तुझी कंपासपेटी मोडली होती. पुढचं आईने सांगितलं नव्हतं. बाराव्या शतकात रामबामने, आमच्या मोठ्या धर्मपंडिताने, लिहून ठेवलंय की चुकणाऱ्याने तीनदा माफी मागायला जावं. तीनदा जाऊनही समोरचा विरघळला नाही, तर पाप त्याच्याकडे जातं. म्हणजे दादाचा अजून एक फोन आला की माझ्याकडे. कालपासून हेच डोक्यात घोळतंय. पण त्याच पुस्तकात असंही आहे की काय चुकलं ते उघड बोलायला हवं. नाव न घेता मागितलेली माफी मोजायची का? सलिहोथला, माफीच्या प्रार्थनेला, जाते तिथल्या कुणाला विचारायचं, तर शाअर हाशामाईम सिनेगॉगमध्ये सगळेच आपले, संध्याकाळपर्यंत ठाणंभर होईल.

त्यात जून महिना विसरता येत नाही. बेरशेबातल्या सोरोका इस्पितळावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा दादाचा फोन लागेपर्यंत मी स्वयंपाकघरात उभीच होते. गॅसवर काय होतं तेही कळलं नाही. तेव्हा वाडी आठवली नाही गं. तो "हॅलो" म्हणाला आणि मी लहानपणी ओरडायचे तशी ओरडले त्याच्यावर, फोन का उचलत नाहीस म्हणून. मला तो जिवंत हवा आहे, आणि त्याने केलं ते त्याने तोंडाने बोलावं असंही वाटतं.

परवा चिकाचा हलवा केला. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक खाली बसेपर्यंत थांबायचं, मग नारळाचं दूध घालून ढवळत राहायचं, कडेने सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. नारळ बाजारचे, दूध पातळ. आई असती तर बोट लावूनच म्हणाली असती, "हा आपल्या वाडीचा नव्हे." शेवटची दोन वर्षं ती मला रोज विचारायची, विहिरीला पाणी किती आहे. मी रोज सांगायचे, आहे, भरपूर आहे. तिला न विचारता दादाने वाडी विकली, आणि उत्तरं मी देत बसले. माझा हिस्सा त्याने न बोलता बँकेत भरला, त्यातला एक रुपया मी काढलेला नाही.

"विकली ते बरंच, राहणार कोण होतं तिथे" असं तू तेव्हा म्हणालीस, आणि मी अख्खा पावसाळा तुझ्याशी बोलले नाही. अजूनही तुझं ते म्हणणं मला पटलेलं नाही. पण आईची तांब्याची भांडी त्या लोकांच्या अंगणातून तूच उचलून आणलीस, हे मी कुणालाही सांगते.

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा एक गोष्ट सापडली. ज्याचा अपराध केला तो मेला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं: मी देवाचा आणि ह्या माणसाचा असा असा अपराध केला. वाचून मी उठूनच बसले. माझ्यापुरतं मी दादाला माफ करते, आज करते. आईच्या वाटची माफी माझ्या हातातच नाही. ती अलिबागला मातीत आहे, आणि तिथे त्याला यावं लागेल. बुधवारी संध्याकाळी किप्पूरची कोल निद्रे प्रार्थना सुरू व्हायच्या आत मीच फोन करणार आहे. तिसऱ्यांदा त्याला मागायला लावणार नाही.

तुझ्या मुलीचं पुण्याचं ठरलं का? आणि डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, दिवाळीनंतर कुठलाच डॉक्टर मोकळा नसतो.

आता काम. इस्रायल आळीत विचारून ठेव, हिवाळ्यात कोण कोण गावात असेल. आमच्यातले दहा पुरुष अलिबागेत एका सकाळी जमणं आता सोपं नाही. रेवदंड्याहून दोघे येतील, पनवेलला मी बोलते. दादा आला तर तुझ्याकडेच उतरेल. जेवायला मासे कर, खवल्यांचे. कोलंबी घरात असली तर त्या दिवशी झाकून ठेव. वाडीवरून तू त्याला काही बोलू नकोस, कितीही जिभेवर आलं तरी. आधी त्याला बोलू दे.

तुझी,
रिबका