एक किलोमीटरचा न्याय

मा. संपादक,

शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखीव असतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास, खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. शहरांत इतक्या अंतरावर अशी शाळा नसणेच विरळा, त्यामुळे ही सूट म्हणजे तरतूद गुंडाळून ठेवणेच होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही, हे बरे झाले.

मूळ प्रश्न मात्र कायम आहे. प्रवेशात एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य असल्याने नामांकित शाळेजवळ राहणे ज्यांना परवडते, त्यांचे पारडे जड राहते आणि शहराच्या कडेला ढकलली गेलेली कुटुंबे मागे पडतात. नोंदणीकृत करार नसलेल्या भाडेकरूंना तर आपला पत्ता सिद्ध करणेही अवघड जाते. (घरमालक करार नोंदवत नाहीत, यात भाडेकरूचा काय दोष?) शिवाय या मुलांच्या शुल्कापोटी शाळांना द्यायची प्रतिपूर्ती थकवून सरकारनेच खासगी शाळांच्या हाती तक्रारीचे निमित्त दिले आहे. ही थकबाकी आधी चुकती करावी, अंतराबरोबर उत्पन्नाचाही विचार व्हावा, आणि ज्या सरकारी शाळेकडे बोट दाखवून ही सूट देऊ केली होती, तेथील शिक्षकांची रिक्त पदे येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी भरावीत.

— एक पालक, पिंपरी