खटला चालवायच्या आधीच शिक्षा

संपादक महोदय,
स. न.

एखाद्या कवीवर किंवा नटावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली की ‘कोर्टात काय तो निकाल लागेल’ असं म्हणून आपण पान उलटतो. निकाल लागतो, पण कधी?

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनात जुलै-ऑगस्ट १९९४च्या अंकात छापून आली. अंक फक्त सभासदांसाठी. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. युनियनच्या बुलेटिनात महागाई भत्त्याचा दर आणि बदल्या सोडून कुणी काही वाचत असेल यावर माझा आजही विश्वास नाही. तरी तक्रार झाली, लातूरच्या कोर्टात प्रकरण गेलं, अश्लीलतेचं कलम २९२ लागलं. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला मे २०१५मध्ये. माफी छापून मोकळे झालेले संपादक सुटले. कवीने मात्र आपला बचाव खालच्या कोर्टात मांडावा, असं ठरलं. म्हणजे एकवीस वर्षांनी खटला संपायचा राहिला बाजूला, उभा राहायचा होता! आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींबद्दलच्या लेखनाला वेगळा, अधिक कडक निकष लावण्याचा त्या निर्णयातला मुद्दाही मला पटलेला नाही. खुद्द गांधीजींनी हयातीत याहून जहरी टीका पचवली होती.

त्याआधीचं उदाहरण चंद्रकांत काकोडकरांचं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरवून पंचवीस रुपये दंड केला. तो रद्द करून घ्यायला थेट दिल्ली गाठावी लागली आणि तोवर १९६९ उजाडलं. वकिलाची फी किती झाली असेल, देव जाणे.

आता तर निकालापर्यंत थांबायचीही गरज उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचा विद्यार्थ्यांचा प्रयोग उधळला गेला. पाठोपाठ विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. जामीन लगेच मिळाला हे खरं, पण अभिनय शिकायला आलेल्या पोराच्या नावापुढे धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५-अ लागलं ते लागलंच. गंमत अशी, की या कलमाखालच्या खटल्याची दखल घ्यायला न्यायालयाला सरकारची पूर्वपरवानगी लागते. पोलिसांना अटक करायला मात्र ती लागत नाही. त्यामुळे खटला कधी उभाच राहिला नाही, तरी तक्रारदाराचं काम झालेलं असतं.

भावना दुखावणाऱ्यांना मोकळं सोडायचं का, असं कुणी विचारेल. नाटक आवडलं नाही तर उठून जावं, विरोधात लिहावं, निषेधाची सभा घ्यावी. शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापाने. जिथे तिथे धोका हुंगणाऱ्या कमकुवत मनाच्या मापाने नव्हे, हे नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९४६मध्येच सांगून ठेवलं आहे. मार्च २०२५मध्ये कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी हाच निकष पुन्हा उचलला. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही त्यांनी म्हटलं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, त्यासाठी पोलिस उपअधीक्षकांची परवानगी आणि चौदा दिवसांची मुदत आहेच.

मग आपल्या गृहखात्याची अडचण काय? नाटक, कविता, चित्र, व्यंगचित्र यांबद्दल तक्रार आली तर ही चौकशी झाल्याशिवाय ना गुन्हा ना अटक, असं एक परिपत्रक प्रत्येक पोलिस ठाण्यात लावावं. आणि त्यातच एक ओळ अशीही असावी, की चालू प्रयोगात घुसून तो बंद पाडणाऱ्यांवर त्याच रात्री गुन्हा नोंदवायचा. त्यासाठी चौदा दिवस लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर