कुत्र्याला गडावर नेताना

महोदय,

थंडी सुरू झाली की बेळगावातून कुत्र्यांसह राजहंसगडाकडे आणि राकसकोपच्या बाजूला निघणाऱ्यांची संख्या वाढते. चांगलेच आहे. पण खानापूरपलीकडे भीमगड अभयारण्यात कुत्रा नेऊ नये, अगदी साखळीला बांधूनही. तिथे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत. पाळीव कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपर हा विषाणूचा रोग होऊ शकतो आणि तो पूर्ण कळपही संपवू शकतो. तंबू अभयारण्याबाहेर, मालकाला विचारून शेतातच ठोकावा.

राजहंसगडाकडे जाणारा डांबरी रस्ता दहानंतर तापतो. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसणारच. म्हणून साडेसहाला निघावे, दोन लिटर पाणी आणि पसरट भांडे सोबत ठेवावे. देवळाजवळ आणि गुरे चरताना दोरी आखूडच हवी.

खरा धोका गोचिडांचा. खानापूर तालुक्यात गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, त्यामुळे माणसांनीही जपावे. परतल्यावर कानांच्या घड्या, बोटांमधल्या फटी, काखा आणि शेपटीखाली बोटांनी चाचपून बघा. मसुराएवढी गाठ लागली तर केस बाजूला करून पाहा. चिमटा कातडीलगत धरून गोचीड सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये: ती पोटातले जखमेत ओकते आणि संसर्ग वाढतो. नुसत्या हाताने चिरडूही नये. रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्यावी.

– एक श्वानप्रेमी, टिळकवाडी, बेळगाव