हॅमिल्टनच्या आजोबांना

आजोबा,

त्या रविवारी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात तुम्ही माझ्या बाबांना माहिती सांगत दीड तास उभे होतात. निघताना माझ्याकडून नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं गेलं. मराठीत लिहिलं तरच मनासारखं लिहिता येतं. पुढच्या खेपेला येईन तेव्हा वाचून अर्थ सांगेन.

बाबांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, हायड्रॉलिक्सवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर गेली. म्हणून लँकेस्टरपाशी, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानापाशी, त्यांनी बॉम्ब किती, वेग किती असलं काही विचारलं नाही. शेपटीकडच्या टरेटला, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या बुरुजाला, दाब कुठल्या इंजिनावरून येतो, एवढंच. इंग्रजी तोडकंमोडकं, त्यात ऐकू कमी येतं. तुम्ही खिशातला कागद काढून पाइप रेखाटलात: डावीकडच्या बाहेरच्या इंजिनापासून थेट शेपटीपर्यंत.

आणि मग अँड्र्यू मिनार्स्कीवर आलात. लँकेस्टरवरचा तोफची, कॅनडातल्या विनिपेगचा, पोलंडहून आलेल्यांचा मुलगा, वय 27. 12 जून 1944 च्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालेल्या त्यांच्या विमानाला जर्मन लढाऊ विमानाने गाठलं. डावी दोन्ही इंजिनं बंद, आग. इंजिन गेलं तसा दाब गेला, टरेट अडकलं, आत शेपटीकडचा तोफची पॅट ब्रॉफी. हाताने फिरवायचं हँडलसुद्धा तुटलं. उड्या टाकायचा हुकूम झाला होता, मिनार्स्की दाराशी होता. तिथून तो मागे फिरला, आगीतून रांगत गेला, कुऱ्हाडीने टरेटशी झटत राहिला. कपडे पेटले. शेवटी ब्रॉफीनेच ‘जा’ म्हणून खुणावलं. मिनार्स्कीने ताठ उभं राहून सॅल्यूट केला आणि जळत्या पॅराशूटसकट उडी टाकली. फ्रेंच गावकऱ्यांच्या हाती लागला, पण भाजल्यामुळे वाचला नाही. ब्रॉफी मात्र विमानासकट आदळूनही जगला. सात जणांत गेला तो एकटाच. ब्रॉफीने सांगितलं तेव्हा कुठे 1946 मध्ये मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला.

शौर्य काय, फलकावरही वाचता येतं. एका पाइपातलं तेल थांबलं म्हणून काय काय झालं, ते तुमच्यामुळे कळलं. बाबांनी ‘खाली बॉम्ब कुणावर पडायचे?’ असंही विचारलं. मला अवघडल्यासारखं झालं, पण तुम्ही तेही टाळलं नाहीत.

तुमचा तो कागद बाबांनी नाशिकला नेलाय, पासबुकात ठेवलाय. दर रविवारी फोनवर एकच विचारतात: ते हँडल कुठल्या धातूचं होतं? तेवढं सांगाल?

तुमची,
बाबांच्या मागे उभी असलेली मुलगी