तक्रार पत्र: जर्मनीच्या प्रवेश अर्जांतील हलगर्जी आणि शुल्क परतावा

कराड, दि. 8 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. संचालक,
परदेशी शिक्षण सल्लागार संस्था, पुणे

विषय: विंटर सेमिस्टर 2025 साठीचे माझ्या मुलीचे पाच अर्ज आणि 88,500 रुपयांचा परतावा

महोदय,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी 2024 मध्ये पुणे विद्यापीठातून मेकॅनिकलची बी. ई. झाली. मास्टर्स जर्मनीतच करायचे, हे तिचे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून ठरलेले होते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात, तेही आम्ही हिशेबात धरले होते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवायच्या 11,904 युरोंसाठी पतसंस्थेतल्या ठेवी बाजूला ठेवल्या होत्या. आमची ऐपत एवढीच आहे, आणि ती तुमच्या समुपदेशकांना पहिल्याच भेटीत आकड्यांसह सांगितली होती. पाच सरकारी विद्यापीठांची यादी त्यांनीच करून दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये आम्ही 75,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून 88,500 रुपये भरले. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. त्याचे 18,000 रुपये भरून मुलीने सगळी कागदपत्रे 25 नोव्हेंबरला तुमच्या कार्यालयात दिली. ती तुम्ही दिल्लीला 3 फेब्रुवारीला पाठवलीत. कुरियरच्या पावतीवरच तारीख आहे. सत्तर दिवस ते पाकीट तुमच्याकडे पडून होते आणि प्रत्येक फोनला आम्हाला "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मिळाले. प्रमाणपत्र एप्रिलच्या शेवटी आले. यादीतल्या चार अभ्यासक्रमांची मुदत 31 मे होती आणि युनि-असिस्टमार्फत (जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था) जाणारे ते अर्ज तुम्ही 2 मे रोजी भरलेत. मुदतीच्या आधी निदान आठ आठवडे अर्ज करावा, असे युनि-असिस्ट स्वतः सांगते.

तरीही उशिराबद्दल मी एवढे मोठे पत्र लिहिले नसते. माणसाकडून उशीर होतो. पण युनि-असिस्टचे खाते तुम्ही मुलीच्या नावाने, पण तुमच्या कार्यालयाने तयार केलेल्या ई-मेलवर उघडलेत आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवलात. तिने तीन वेळा मागितला. "मुलं पोर्टलवर काहीतरी बदलून ठेवतात, म्हणून आम्ही देत नाही," असे तिला सांगण्यात आले. शेवटी 4 जुलैला ती पुण्याला येऊन संध्याकाळपर्यंत तुमच्या कार्यालयात बसली, तेव्हा कुठे तो मिळाला. त्याच रात्री आम्ही दोघींनी खाते उघडले. 9 मेचा संदेश समोरच होता: पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका जोडलेल्या नाहीत, त्या पाठवा. 21 मेला त्याचे स्मरणपत्रही आलेले होते. तुमच्याकडे कोणी ते उघडलेच नव्हते. त्या गुणपत्रिका तिच्या मोबाइलमध्ये होत्या. तिला नुसते कळवले असते, तरी पाच मिनिटांत त्या चढल्या असत्या. चारही अर्ज अपूर्ण म्हणून तिथेच संपले होते. ती काही बोलली नाही, फक्त तारखा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आई म्हणून ती रात्र मी विसरू शकत नाही.

पाचवा अर्ज थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर होता. त्याला 20 जूनला नकार आला. तुम्ही जोडलेले मोटिव्हेशन लेटर आम्ही त्यानंतर प्रथमच वाचले. मुलीने स्वतः लिहून दिलेले दोन पानी पत्र त्यात कुठेच नव्हते. जे होते त्यात तिचे कॉलेज कोइंबतूरमध्ये होते आणि दुसऱ्या परिच्छेदात वडिलांच्या दीर्घ आजारपणामुळे अभ्यासात पडलेल्या खंडाबद्दल लिहिले होते. माझ्या मुलीचे वडील ठणठणीत आहेत. म्हणजे हे दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याचे पत्र, वर फक्त नाव बदललेले. नकार याच पत्रामुळे आला असे मी म्हणत नाही, ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या अनोळखी मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट आमच्या हाती पडली. माझ्या मुलीची माहिती कोणाकोणाच्या हाती गेली असेल, याची मला धास्ती वाटते.

फीचेही तसेच. युनि-असिस्ट पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाचे 30 युरो घेते. चार अर्जांचे 165 युरो होतात. तुम्ही प्रत्येकी 75 प्रमाणे 300 युरो घेतलेत. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या एका मोफत माहिती सत्रात मुलीला हा दर समजला.

7 जुलैला आम्ही भेटायला आलो, तेव्हा समुपदेशक म्हणाले, "मॅडम, पब्लिकचं सोडा आता. बर्लिनला प्रायव्हेटमध्ये चार दिवसांत ऑफर लेटर आणून देतो." वर्षाची फी 12,500 युरो! खासगी विद्यापीठाकडून तुम्हाला या प्रवेशावर कमिशन मिळते का, असे मी सरळ विचारले. उत्तर मिळाले नाही. तुमच्याच माणसाच्या भरवशावर ("ऑगस्टमध्ये व्हिसा हातात असेल") तिने जूनमध्ये चाकणची नोकरी सोडली होती, हेही इथे नोंदवते.

प्रवेशाची हमी नाही आणि शुल्क परत मिळणार नाही, असे करारात लिहिले आहे, हे तुमचे एकमेव उत्तर. प्रवेशाची हमी आम्ही मागितलीच नव्हती. अर्ज वेळेत आणि पूर्ण भरणे, आलेले संदेश वाचणे, ते विद्यार्थ्याला कळवणे, या कामाचे पैसे दिले होते आणि ते काम झालेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 यालाच सेवेतील त्रुटी म्हणतो.

म्हणून 88,500 रुपये आणि युनि-असिस्टपोटी जास्त घेतलेले 135 युरो, त्या दिवशीच्या दराने, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. मुलीच्या नावाने उघडलेल्या सर्व खात्यांचे आणि त्यांना जोडलेल्या ई-मेलचे पासवर्ड तिला द्यावेत, तिच्या नावाने पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत द्यावी आणि नंतर तिची माहिती तुमच्याकडून काढून टाकल्याचे लेखी कळवावे. तिचे पत्र दुसऱ्या कोणाच्या अर्जाला लावले असेल तर तेही सांगावे.

15 दिवसांत हे झाले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या सेवेबाबत तिथे शुल्कही लागत नाही. मानसिक त्रासाची आणि बुडालेल्या पगाराची भरपाई मी तिथे मागेन.

पुढच्या वर्षीचे अर्ज मुलगी स्वतः भरणार आहे. तिची मूळ गुणपत्रके अजून तुमच्याकडे आहेत. ती कृपया कुरियरने पाठवू नका. शनिवारी सकाळी 11 वाजता आम्ही दोघी येऊन, मोजून, सही करून घेऊन जाऊ.

आपली,
विद्यार्थिनीची आई

सोबत: कराराची प्रत, पावत्या, कुरियरची पावती, 9 व 21 मेच्या संदेशांच्या प्रती, मोटिव्हेशन लेटर